भिवराचं बीळ आणि एकुलता एक युवक

एका जंगलात, बाळांनो, आईबाप पुष्कळ होते आणि त्यांच्याकडे वेळ अजिबात नव्हता.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तिथल्या ओढ्याला बारमाही पाणी असे आणि चारा दाराशीच उगवे. मग ओढा आटला. आता पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडाव्या लागत. आईबाप सकाळी निघत ते दिवस कलल्यावर परतत. पोरं मागे एकटी राहत. लहान होती ती रडत. जरा मोठी होती ती रडत नसत, उद्योग करत. रानडुकराच्या पोरांनी दिसेल ते वारूळ उकरून ठेवलं होतं. उदमांजराची दोन वयात आलेली पोरं मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं खात दिवसभर लोळत आणि संध्याकाळी घरचा रस्ता विसरत.

त्याच जंगलात भिवरा नावाची साळिंदरीण राहत होती. तिची स्वतःची पोरं मोठी होऊन पांगली होती. बीळ ऐसपैस होतं. आत तीन खोल्या होत्या आणि भर उन्हाळ्यातही तिथे गार वाटे. तुम्हाला ठाऊक असेल, साळिंदर रात्री चरतं आणि दिवसा झोपतं. त्यामुळे दिवसभर हमखास घरी सापडणारी अशी सगळ्या जंगलात भिवरा एकटीच होती.

एका सकाळी एक सशीण तिच्या दाराशी आली. बरोबर यमू नावाचं पिल्लू होतं. यमूचा बाप महिन्यापूर्वी कुणाच्या तरी शिंकेने दचकून पळाला होता. तो अजून पळतच असावा, कारण परत आला नव्हता. सशिणीने विचारलं, की मी पाण्याला जाऊन येईपर्यंत ही तुमच्याकडे बसली तर चालेल का.

"बसू दे की," भिवरा म्हणाली. "मी काय, झोपलेलीच असते."

बाळांनो, ही त्या संस्थेची स्थापना.

दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं आली, आठवड्याने नऊ. भिवरा मधल्या खोलीत झोपे आणि पोरं तिच्या भोवती खेळत. शिस्तीचा प्रश्न आला नाही. जो फार दंगा करी तो कधी ना कधी भिवरावर पडे आणि जो एकदा पडला तो पुन्हा दंगा करत नसे.

पहिल्याच उन्हाळ्यात धोंडिबा नावाचं एक कासवही येऊन राहिलं. त्याला कुणी सोडायला आलं नव्हतं. आत गार आहे एवढंच ऐकून तो आला होता. त्याचं वय अडतीस होतं, म्हणजे कासवांच्या हिशेबात मिसरूड फुटायचं वय. तो कोपऱ्यात बसे आणि पोरं त्याच्यावर बसत. कुणाचीच तक्रार नव्हती.

संध्याकाळी आया पोरांना न्यायला येत. भिवरा तेव्हा नुकती उठून कंदमुळं खात बसलेली असे. येईल तिला ती एकच गोष्ट विचारी, "खाल्लंस का?" जिने खाल्लेलं नसे तिला कंद मिळे. जिने खाल्लेलं असे तीही जरा टेके आणि भलत्याच कुठल्या तरी गोष्टीवरून रडू लागे. भिवरा चावत चावत सगळं ऐकून घेई. त्या जंगलात समुपदेशन हा शब्द अजून आला नव्हता, त्यामुळे ते चटकन होऊन जाई.

उदमांजराच्या त्या दोघांना त्यांच्या आईने ओढत आणून सोडलं. ही कामातून गेली, काय करायचं ते करा, असं ती म्हणाली. भिवराने त्यांना बिळाची मागची भिंत दाखवली आणि उकरायला सांगितलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तिने विचार केला, पण तिला झोप येत होती. म्हणून ती म्हणाली की आधी उकरा, मग बघू. दोघं इतके दमून जात की मोहाच्या झाडापर्यंत जायचं त्राणच उरत नसे. महिन्याभरात चौथी खोली तयार झाली आणि दोघांना घरचा रस्ता आठवू लागला.

अशी दोन वर्षं गेली. मग अनंतराव कोल्हा आला.

अनंतराव दूरदूरची जंगलं हिंडून आला होता आणि त्याने तिथल्या मोठमोठ्या संस्था पाहिल्या होत्या. एका संध्याकाळी तो बिळाशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला. पोरं निघत होती, आया बसल्या होत्या, कासवावर चार पिल्लं झोपली होती. त्याला भरून आलं. त्याने भिवराला विचारलं की तुम्ही इथे नेमकं काय करता. भिवरा म्हणाली की झोपते. त्याने विचारलं की तुमचं उद्दिष्ट काय. भिवराने त्याला विचारलं की खाल्लंस का.

अनंतरावाने वहीत नोंद केली, की संस्थापकांना स्वतःच्या कार्याची जाणीव नाही.

अनंतराव वाईट नव्हता, बाळांनो. वाईट असता तर सगळं थोडक्यात आटपलं असतं. त्याला मनापासून वाटत होतं की एवढं चांगलं काम नुसतं होत राहतं हे बरं नाही. त्याची नोंद व्हायला हवी, त्याला नाव हवं, त्याची वाढ व्हायला हवी. त्याने भिवराला सांगितलं की संस्था झाली की जिथे नऊ पोरं येतात तिथे नव्वद येतील. भिवराला पोरं आवडत. ती हो म्हणाली आणि झोपली.

नोंदणी वाघाच्या कचेरीत झाली. नावावर सात बैठका झाल्या. 'भिवराचं बीळ' हे नाव फारच घरगुती वाटत होतं. शेवटी 'वन्य बालक, युवक व कुटुंब सर्वांगीण उन्नती प्रतिष्ठान' असं ठरलं. सुतारपक्ष्याने पाटी कोरली. ती बिळाच्या तोंडापेक्षा मोठी झाली. नाव लहान करणं शक्य नव्हतं, कारण ते नोंदवलं गेलं होतं. म्हणून बिळाचं तोंड रुंद केलं. त्या खोदकामात पहिल्या खोलीचं छत खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण आता दुरुस्ती होईपर्यंत पोरांना घरी पाठवणं भाग होतं. हे तात्पुरतं आहे, असं अनंतरावाने प्रत्येक आईला स्वतः जाऊन सांगितलं.

उद्घाटनाला खुद्द वाघ आला. पोरांना त्या दिवसापुरतं परत बोलावून ओळीने उभं केलं होतं. वाघाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. संस्थेच्या इतिहासात ते डोळ्यांना सुटलं असं छापलं आहे.

मग नियम आले. येईल त्याला आत घेणं हा अन्याय आहे, असं अनंतरावाचं म्हणणं पडलं, कारण ज्याला खरी गरज आहे तो त्यात मागे राहतो. म्हणून अर्ज सुरू झाले. अर्जात अकरा प्रश्न होते. यमूच्या आईने यमूसाठी अर्ज केला. 'वडिलांचा सध्याचा पत्ता' या प्रश्नापुढे तिने खरं तेच लिहिलं, की पळत आहेत.

अर्ज परत आला. वर शेरा होता, 'कोणत्या दिशेने, ते कळवावे.'

तिने पूर्व असं लिहिलं. अर्ज छाननी समितीकडे गेला. समिती कळकळीची होती. ती प्रत्येक अर्जावर साधकबाधक चर्चा करी आणि चर्चा अपुरी राहिली की पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बसे. दरम्यान यमू वाढत होती. ससे फार लवकर वाढतात, त्याला समितीचा इलाज नव्हता. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा यमूची आई वारली होती आणि यमूला स्वतःची चार पिल्लं झाली होती. पत्रात लिहिलं होतं, 'कु. यमू हिने आईसह उपस्थित राहावे.'

यमू पत्र घेऊन कचेरीत गेली. कचेरी आता एका खडकाच्या कपारीत थाटली होती. ती अनंतरावाला म्हणाली की माझं वय गेलं, माझ्या जागी माझी पिल्लं घ्या. अनंतरावाला खरंच वाईट वाटलं. त्याने तिला बसवून पाणी दिलं आणि समजावलं की मंजुरी एकाच्या नावची दुसऱ्याला देता येत नाही, पण नवा अर्ज करायला कुठलीही हरकत नाही. त्याने तो स्वतःच्या पंजाने काढूनही दिला.

असंच सगळ्यांचं झालं. मुंगसाची पोरं छाननीत असताना मोठी झाली. हरणाची पोरं शिफारस मिळेपर्यंत शिंगाला आली. माकडाच्या पोराचा अर्ज सगळ्यात पुढे गेला होता, पण शेवटच्या बैठकीआधी ते टोळीचं प्रमुख झालं आणि पुढे समितीवरच आलं.

चौथ्या वर्षी वाघाच्या कचेरीतून विचारणा आली की लाभार्थ्यांची यादी पाठवा. अनंतरावाने सगळ्या फायली काढल्या. अर्ज शेकड्यांनी होते, लाभार्थी एकही नव्हता. तो हताश होऊन बाहेर आला आणि जुन्या बिळाशी जाऊन उभा राहिला. तिथे कोपऱ्यात धोंडिबा बसला होता. त्याला कुणी जा म्हणून सांगितलंच नव्हतं.

अनंतरावाने वय विचारलं. त्रेचाळीस. नियमात युवकाची व्याख्या होती, 'ज्याची वाढ अद्याप पूर्ण झालेली नाही असा.' धोंडिबाची वाढ अद्याप पूर्ण झालेली नव्हती. अनंतरावाने त्याला मिठी मारली.

त्या दिवसापासून धोंडिबाचं भाग्य उजळलं. प्रतिष्ठानाकडे जेवढे उपक्रम होते तेवढे सगळे त्याच्यावर झाले. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर त्याने नऊ वेळा केलं. वक्तृत्व शिकला, गिर्यारोहण शिकला. धावण्याच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावाहून चित्ता बोलावला होता. तो पहिल्याच सकाळी 'माझ्या मागे ये' असं सांगून निघाला आणि परत आलाच नाही. कुटुंब विभागालाही कुणीतरी हवं होतं. धोंडिबाचं लग्न झालेलं नव्हतं, तरी संसारात पडतं कसं घ्यावं याविषयी त्याचं वर्षभर समुपदेशन झालं. न झालेल्या बायकोशी त्याचं चांगलं पटू लागलं, असा अहवाल आहे.

प्रत्येक वार्षिक अहवालावर त्याचंच चित्र असे. कधी टोपी घालून, कधी हातात रोप धरून. एका वर्षी संख्या कमी दिसते म्हणून त्याला पाच बाजूंनी काढलं.

धोंडिबाला यातलं काही नको होतं. पण तो भिडस्त होता. इतके सगळे आपल्यासाठी राबतात, तर नाही कसं म्हणायचं, असं त्याला वाटे. कपारीकडे जाताना वाटेत सशाची, मुंगसाची पोरं दिवसभर एकटी बसलेली दिसत. मग तो मान आत ओढून घेई आणि तसाच चालत राही.

भिवराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. भिवरा संस्थापक-अध्यक्षा झाली. तिला कपारीपुढच्या चौथऱ्यावर आसन दिलं. बैठका दिवसा होत, त्यामुळे ती सगळ्या बैठकांत झोपलेली असे. इतिवृत्तात त्याला 'अध्यक्षांची मूकसंमती' असं म्हणत. पण खरं सांगायचं तर तिला पूर्वीसारखी झोप लागत नव्हती. पोरांच्या कालव्यात तिला जी गाढ झोप लागे, ती चौथऱ्यावरच्या शांततेत येत नव्हती. एकदा तिने अनंतरावाला विचारलं की पोरं कधी येणार. तो म्हणाला, पुढच्या टप्प्यात. भिवराला टप्पा म्हणजे महिना वाटला. ती बरेच दिवस मोजत राहिली.

तिचं जुनं बीळ आता 'आद्यस्थळ' झालं होतं. छताची दुरुस्ती होऊन खोल्या झाडूनपुसून ठेवल्या होत्या. परवान्याशिवाय आत जायला बंदी होती. दारावर गंगू नावाची घोरपड नेमली होती. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे लक्षात घेऊनच तिची निवड झाली होती. ती दारात आडव्या लावलेल्या पाटीला चार पायांनी चिकटून वाट अडवून बसे आणि आठ वर्षांत तिने कुणाला आत सोडलं नव्हतं. याबद्दल तिचा दोनदा सत्कार झाला होता.

बाराव्या वर्षी तपपूर्ती सोहळा ठरला. चैत्राचा महिना होता. सागाची पानं गळून जंगलभर त्यांचा गुडघाभर थर साचला होता. कपारीपुढे मांडव घातला. श्रोते हवेत म्हणून ज्यांचे अर्ज नामंजूर झाले होते त्या सगळ्या आईबापांना आमंत्रणं गेली. न येणाऱ्यांच्या पुढच्या अर्जाचा विचार होणार नाही, अशी तळटीप होती. म्हणून सगळे आले. पोरं घरी एकटी राहिली.

भिवराला हार घातला, तो काट्यांत अडकून तसाच लटकत राहिला. धोंडिबाला 'आदर्श युवक' म्हणून पुढे बसवलं. मग दीपप्रज्वलनासाठी वाघाला बोलावलं. वाघाने पेटती काडी समईला लावली आणि आता ती काडी कुठे टाकायची याचा विचार केला. तो राजा होता. त्याने ती मागे टाकली.

पाचोळ्याने लगेच पेट घेतला. दुपारची वेळ होती आणि वारा होता. सूत्रसंचालक मोर पुढचा परिच्छेद वाचत होता, तोवर मांडवाचा मागचा खांब पेटला. पहिल्यांदा वाघ गेला. त्याच्यामागून पदाधिकारी गेले. अनंतराव फायली वाचवायला कपारीत शिरला आणि जेवढ्या तोंडात मावल्या तेवढ्या घेऊन टेकडीकडे धावला.

आईबाप मात्र उलट दिशेला धावले, धुराकडे. कारण पोरं तिकडे होती.

यमू सगळ्यात आधी पोचली. तिने या खेपेची चारही पिल्लं झुडपाखालून काढली आणि कुठे जावं म्हणून पाहिलं. ओढा कोरडा होता. झाडं पेटत होती. मग तिला ते बीळ आठवलं, जिथे ती लहानपणी दिवस काढत असे. ती पिल्लांना घेऊन तिथे गेली. तिच्यामागे मुंगसं आली, हरणं आली, डुकरीण आली, सगळी पोरांसकट.

गंगू पाटीला चिकटून होती. तिने परवाना विचारला. यमू म्हणाली की मागे बघ. गंगूने मागे पाहिलं आणि सांगितलं की आग मलाही दिसते आहे, पण परवान्याचं पुस्तक अनंतरावांकडे असतं आणि नियम मी केलेले नाहीत. डुकरिणीने तिला धडक दिली. गंगू हलली नाही. हरणाने शिंग लावलं. गंगू आणखी घट्ट झाली. ती क्रूर नव्हती, बाळांनो. तिला फक्त सोडता येत नव्हतं. आठ वर्षांत तिने सोडून पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात भिवरा आली. लटकणाऱ्या हाराची फुलं करपली होती. तिने गर्दीतून वाट काढली आणि गंगूसमोर उभी राहिली. तिने नियमाबद्दल काही म्हटलं नाही.

"गंगू," ती म्हणाली, "तुझी पिल्लं कुठे आहेत ग?"

गंगूची पिल्लं साताठ दिवसांपूर्वीच अंड्यांतून बाहेर आली होती. ती पलीकडच्या वारुळात होती. गंगूने त्या दिशेला पाहिलं. तिथे धूर होता. मग तिचा एक पाय सुटला, मग दुसरा, आणि मग ती पाटीसकट खाली आली. पाटी तिथेच टाकून ती धुरात शिरली.

पोरं भराभर आत गेली. मागच्या खोलीत सगळ्यात लहान बसली, पुढे मोठी. मोठ्यांपैकी मावले ते मावले. हरणं पोरांना आत ढकलून टेकड्यांपलीकडच्या पाण्याच्या दिशेने पळाली. गंगू परत आली तेव्हा तिचं शेपूट भाजलं होतं आणि पाठीवर सहा पिल्लं होती. तीही आत गेल्यावर भिवरा शिरली आणि साळिंदरं करतात तसं तोंडाशी पाठ लावून बसली, म्हणजे धूर आत येऊ नये. पण तोंड रुंद केलेलं होतं. तिच्या एकटीने ते भरेना. दोन्ही बाजूंनी धूर आत येऊ लागला आणि पिल्लं खोकू लागली.

धोंडिबा तेव्हा वाटेत होता. मांडवातून तो सगळ्यांबरोबरच निघाला होता, पण सगळ्यांबरोबर पोचणं त्याला जमत नसे. बीळ हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून भोवतालचा पाचोळा पेटायच्या आत तो कसाबसा तिथे आला. भिवरा त्याला म्हणाली की माझ्या अंगावरून आत जा, टोचेल तेवढं टोचेल. धोंडिबाने फट पाहिली. आत कोण खोकतं आहे ते ऐकलं. मग तो कुशीवर वळला, पाठ बाहेर केली, सरकत सरकत त्या फटीत जाऊन बसला आणि डोकंपाय आत ओढून घेतले. आतल्या पोरांनी उरलेल्या भेगांत माती भरली.

आग वरून गेली. फार वेळ लागला नाही, पण आत बसलेल्यांना लागला. यमूने चारही पिल्लांना पोटाशी धरलं होतं आणि ती पुन्हापुन्हा मोजत होती. भिवराचे काटे टोकांशी पेटून विझले. धोंडिबाची पाठ काळी पडली आणि मधल्या ढालीला एक लांब चीर गेली. 

सगळं निवल्यावर मोजणी झाली. एकतीस पोरं होती. एकतीसही जिवंत होती.

पंधरा दिवसांनी चौकशी समिती बसली. समितीला प्रथमदर्शनी असं आढळलं, की आद्यस्थळात एकतीस बालकांनी विनाअर्ज प्रवेश केला. त्यांतल्या कुणाचीही छाननी झालेली नव्हती. संस्थापक-अध्यक्षांना खुलासा मागणारं पत्र गेलं. गंगूला पाटी सोडल्याबद्दल काढून टाकलं.

खरा पेच धोंडिबाचा होता. त्याने मदत केली होती. नियमाप्रमाणे मदत करणारा तो स्वयंसेवक, आणि स्वयंसेवक लाभार्थी असू शकत नाही. म्हणजे प्रतिष्ठानाला आता एकही लाभार्थी उरत नव्हता. समिती तीन दिवस बसली. शेवटी अनंतरावाला मार्ग सुचला. धोंडिबाने मदत केलीच नाही, असं त्याने मांडलं. त्याने आश्रय घेतला, आणि तो नेहमीप्रमाणे उशिरा आल्यामुळे त्याला दारातच जागा मिळाली. सगळ्यांना हायसं वाटलं. संस्थेच्या छापील इतिहासात आज असं आहे, 'वणव्यात प्रतिष्ठानाने बत्तीस बालक व युवकांचे प्राण वाचवले.' शेजारी धोंडिबाचं चित्र आहे. चीर दिसू नये म्हणून ते पुढून काढलं आहे.

भिवराने खुलासा दिला नाही. तिला लिहिता येत नव्हतं. एके दिवशी ती चौथऱ्यावरून उठली आणि ओढ्यापलीकडे गेली. तिथली माती भुसभुशीत होती. तिने उकरायला सुरुवात केली. गंगू तिच्या मदतीला गेली. उदमांजराचे ते दोघे आता बाप झाले होते, तेही आपापल्या पोरांना घेऊन आले. चार दिवसांत बीळ झालं. पाचव्या दिवशी सकाळी यमू पिल्लांना सोडून पाण्याला गेली आणि भिवराला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली.

इकडे धोंडिबाने आयुष्यातला पहिला अर्ज केला. 'मला मोठे समजण्यात यावे', एवढंच त्यात होतं. अर्ज छाननी समितीकडे गेला. समितीने तो सहानुभूतीने वाचला, आणि युवकाची वयोमर्यादा दीडशे केली.

धोंडिबाने हा निर्णय ऐकला. तो निघाला. कपारीपासून ओढा फार लांब नाही, तुम्ही धावत गेलात तर घामही येणार नाही. धोंडिबाला सव्वा महिना लागला. तेवढ्या दिवसांत तो गेल्याचं प्रतिष्ठानातल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण पहिले आठ दिवस तर तो कपारीतून दिसतच होता.

तो पोचला तेव्हा दुपार होती. भिवरा झोपली होती आणि पोरं बिळाभोवती खेळत होती. यमू त्या दिवशी पाण्याला न जाता तिथेच थांबली होती. तिने त्याला ओळखलं आणि इकडे कसं येणं केलंत, असं विचारलं.

"मोठा झालोय," धोंडिबा म्हणाला. "तेवढं सांगायला आलो."

यमूने त्याच्या पाठीवरची चीर पाहिली. मग ती म्हणाली की बरं झालं, आम्हाला एका मोठ्या माणसाची गरजच होती. मला उद्या पाण्याला जायचं आहे आणि या चौघांकडे जागं राहून बघणारं कुणी नाही. धोंडिबा म्हणाला की बघतो. आणि तो सावलीत सरकून डोळे उघडे ठेवून बसला.

प्रतिष्ठान अजून आहे. त्याची वाढ चालू आहे. नवीन लाभार्थी शोधण्यासाठी त्यांनी समिती नेमली आहे आणि समितीचा रोख सध्या वडाच्या झाडावर आहे. वड चारशे वर्षांचा आहे, त्याची वाढ अद्याप पूर्ण झालेली नाही, आणि तो उठून जाण्याचा संभव कमी आहे.

तात्पर्य: बाळांनो, मोठं होण्याची घाई करू नका. मदत मंजूर होईपर्यंत लहान राहता आलं पाहिजे. ज्यांना ते जमत नाही, त्यांचं भलं करणं कुठल्याही संस्थेच्या हातात नसतं. त्यांनी सरळ एखाद्या झोपाळू बाईच्या घरी जाऊन बसावं.